पूर्ण घेराच्या ड्रेसची खालची दुमड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील दोघी सख्ख्या बहिणी आहेत. थोरलीला घरच्या मशीनवर शिवण्याचा चार-पाच वर्षांचा सराव होता, पण तो मुख्यतः सरळ शिलाईचा : उशांचे अभ्रे, पायजमे, दोन-तीन साधे टॉप आणि एक सरळ स्कर्ट. धाकटीला एका समारंभात व्यासपीठावरून निवेदन करायचे होते आणि त्यासाठी तिला ताईच्याच हातचा ड्रेस हवा होता. हाताशी बारा दिवस होते. मी शिवणकाम शिकवते आणि थोरली अडले की मला विचारते, त्यामुळे हे प्रकरण मला जवळून पाहता आले. त्यातील एका चुकीत माझाही वाटा आहे. तो पुढे सांगितला आहे.

कापड होते छापील व्हिस्कोस, ज्याला सर्रास रेयॉन म्हटले जाते; पन्हा ११२ सेंटिमीटर, लांबी पाच मीटर. हे कापड अंगावर पाण्यासारखे पडते, हाताला थंड लागते आणि घेराच्या कपड्याला शोभून दिसते. मात्र त्याचे धागे कडेने भराभर सुटतात, पहिल्या धुण्यात ते बऱ्याचदा आटते आणि ओले असताना त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. ड्रेसचा बेत असा होता : वरचा भाग बिनबाह्यांचा आणि अंगाबरोबर, गळा व मुंढे आतून पट्टी लावून पूर्ण केलेले, डाव्या कुशीत चेन आणि कमरेपासून खाली पूर्ण घेर.

पूर्ण घेर म्हणजे मध्ये कमरेएवढे भोक असलेले एक सपाट वर्तुळ. कमर ७० सेंटिमीटर असेल, तर तिला ६.२८ ने भागून त्या भोकाची त्रिज्या सुमारे ११.१ सेंटिमीटर येते. तिच्यात ६८ सेंटिमीटर लांबी मिळवली की खालच्या काठाची त्रिज्या ७९.१ होते आणि त्या काठाची पूर्ण फेरी ४९७ सेंटिमीटर, म्हणजे पाच मीटरला जेमतेम कमी भरते. थोरलीने हे गणित बिनचूक केले होते. दोन अर्धवर्तुळे तिने अशी बेतली की त्यांच्या सरळ बाजू कापडाच्या काठाला समांतर राहिल्या. त्यामुळे दोन्ही कुशींच्या शिलाया उभ्या धाग्यावर, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने आल्या आणि पुढचा व मागचा मध्य आडव्या धाग्यावर, पन्ह्याच्या दिशेने. कुशीची चेन उभ्या धाग्यावर बसल्यामुळे ती शेवटपर्यंत सरळ राहिली, लाटा धरल्या नाहीत. हा निर्णय चांगला होता आणि त्याबद्दल पुढे काही लिहिण्याची गरज पडत नाही.

सुरुवातीचे निर्णय

बेतण्यापूर्वी कापड धुतले गेले नाही. बारा दिवसांतला एक दिवस वाळवण्यात घालवणे तिच्या जिवावर आले आणि वाफेची इस्त्री फिरवली की पुरे, असे तिने मानले. वाफेने कापड थोडेफार आटते हे खरे, पण पाण्यात पूर्ण भिजल्यावर ते जितके आटते तितके नाही.

आतल्या कडांचा विचार तर झालाच नव्हता. कुशीच्या आणि कमरेच्या शिलाया साध्या टिपेने मारून, मार्जिन, म्हणजे शिलाईपलीकडचे जादा कापड, उघडे ठेवून, ‘शेवटी बघू’ असे ठरले. पातळ, धागे सुटणाऱ्या कापडाला फ्रेंच शिवण सर्वांत देखणी दिसते : उलट्या बाजू एकमेकींना लावून आधी ६ मिलिमीटरवर टीप, मग मार्जिन ३ मिलिमीटरपर्यंत कातरून, कापड उलटवून दुसरी टीप ९ मिलिमीटरवर, की कच्ची कड त्या नळीत कायमची बंद होते. परंतु हा पर्याय पहिली टीप मारण्याच्या आधीच निवडावा लागतो. सुलट्या बाजू एकमेकींना लावून एक साधी टीप मारली गेली आणि तो पर्याय तिथेच मिटला. कडा अशा बंद करण्याला फिनिशिंग म्हणतात; हा शब्द शेवट सुचवतो आणि शिकणारे त्या शब्दाला फसतात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

तिसरा निर्णय खालच्या दुमडीचा. थोरलीने मला फोनवर विचारले की ड्रेसला खाली किती दुमड ठेवू. मी लांबी विचारली आणि सवयीने सांगितले, तीन सेंटिमीटर ठेव, काठाला वजन येते, पडतो छान. सरळ स्कर्टसाठी हा सल्ला योग्य आहे. मी घेर विचारलाच नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वरचा भाग आणि घेर जोडून झाला आणि थोरलीने त्याच रात्री खालची दुमड इस्त्रीने बसवून शिवून टाकली.

अडचण

दुमड शिवतानाच पहिली कुरकुर सुरू झाली होती. वर्तुळाचा काठ आत दुमडला की कापडाची बाहेरची मोठी फेरी आतल्या लहान फेरीवर बसवावी लागते. पूर्ण वर्तुळात ही तफावत दुमडीच्या रुंदीच्या साडेबारा पट असते, मग ड्रेस कितीही लांब असो. तीन सेंटिमीटर दुमडीला ती ३७ ते ३८ सेंटिमीटर भरते, म्हणजे काठाच्या प्रत्येक मीटरमागे साडेसात सेंटिमीटर जादा कापड कुठे तरी जिरवावे लागते. थोरलीने ते इस्त्रीखाली दाबले आणि टाचण्यांनी धरले, पण जे जिरले नाही त्याच्या बारीक चुण्या पडल्या आणि त्या मशीनच्या पायाखाली एकीवर एक चढल्या. आतून पाहिले तर सगळ्या काठाला पिळवटलेल्या घड्या दिसत होत्या आणि बाहेरून काठ लाटेसारखा हलत होता. तरीही त्या रात्री ड्रेस अंगावर घालून पाहिला, तेव्हा काठ सगळीकडे जमिनीपासून सारख्या अंतरावर होता. तेवढ्यावर समाधान मानून ड्रेस हँगरला लावला गेला.

दोन दिवसांनी धाकटीने तो पुन्हा घातला आणि आरशापासून दोन पावले मागे सरकली. “ताई, हा पुढून कोपऱ्यात लोंबतोय का गं?” लोंबतच होता, आणि एका नव्हे, चार ठिकाणी. पुढे डावीकडे सर्वांत जास्त, साडेतीन सेंटिमीटर. पुढे उजवीकडे त्याहून थोडा कमी. मागे दोन्ही बाजूंना दोन-अडीच. कुशींना आणि पुढच्या-मागच्या मध्याला काठ जिथल्या तिथे होता. दुरून पाहताना ड्रेसला चार कान फुटल्यासारखे दिसत होते.

कारण कापडाच्या विणीत आहे. उभा धागा जिथे वरून खाली लोंबतो तिथे वजन थेट धाग्यावर येते आणि धागा फारसा लांबत नाही. आडव्या धाग्याचेही तसेच. परंतु वर्तुळात या दोहोंच्या मधोमध, ४५ अंशांवर, अशी जागा येते जिथे वजन एकाही धाग्यावर सरळ पडत नाही. तिथे विणीतल्या बारीक चौकटी तिरक्या होऊन पतंगाचा आकार घेतात, कापड लांबते आणि त्याच प्रमाणात अरुंद होते. यालाच उरेब म्हणतात. गळ्याच्या गोलाईवर पट्टी नीट वळावी म्हणून आपण मुद्दाम उरेब कापतो, तो याच गुणासाठी. मादलेन व्हिओने या फ्रेंच ड्रेसमेकरने १९२० आणि १९३० च्या दशकांत पॅरिसमध्ये अख्खे पोशाख उरेब बेतून नाव कमावले, तेही याच गुणावर. थोरलीच्या ड्रेसमध्ये हा गुण चार ठिकाणी, न बोलावता आला होता.

याखेरीज दोन लहान तक्रारी होत्या. कमरेच्या आतल्या कडा ४ ते ५ मिलिमीटर उसवून त्यांची झालर झाली होती. दीड सेंटिमीटर मार्जिनपैकी एकच शिल्लक उरले होते. आणि गळा पुढून दीड सेंटिमीटर सैल पडून छातीपासून सुटा उभा राहत होता, कारण पट्टी जोडण्यापूर्वी गोलाईवर ताण रोखणारी टीप मारलेली नव्हती आणि ड्रेसचे सगळे वजन हँगरवर दोन दिवस त्याच गळ्या-खांद्यांनी तोलले होते.

त्या रात्रीची कातरी

समारंभाला सहा दिवस उरले होते. धाकटी झोपायला गेल्यावर थोरलीने पुढच्या डाव्या कानाची दुमड हातभर उसवली, ड्रेस टेबलावर पसरला आणि लोंबणारा भाग कापून टाकला. हँगरवर तिने मोजले होते साडेतीन सेंटिमीटर. टेबलावर पसरल्यावर मात्र कापडाचा ताण गेला, लोंबण्याची खूण हरवली आणि दोन्हीकडच्या काठाला गोलाईने मिळवून घेताना मधला खड्डा पाच सेंटिमीटरपर्यंत खोल गेला. सकाळी धाकटीने ड्रेस घातला तेव्हा ती जागा इतरांपेक्षा वर उचललेली दिसत होती आणि उरलेले तीन कान होते तसेच.

मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू हाच वाटतो. इतर चुका अज्ञानाच्या होत्या आणि त्या उसवून सुधारता येत होत्या. ही घाईची होती, आणि कातरीने गेलेले परत येत नाही. पूर्ण घेराच्या ड्रेसची लांबी शेवटी सगळ्यांत आखूड जागा ठरवते, आणि ती जागा त्या रात्री तयार झाली. दुसरे असे की घेराचे माप ना टेबलावर कळते, ना हँगरवर. हँगरला नितंब नसतात. अंगावर कापड आधी त्यांच्यावरून बाहेर जाते आणि मग खाली येते.

पर्यायांचा विचार

सकाळी दोघी ड्रेस घेऊन माझ्याकडे आल्या. थोरलीच्या मते तो आता वापरण्याजोगा उरला नव्हता. आम्ही चार पर्याय समोर ठेवले.

पहिला, आहे तसाच घालणे. व्यासपीठावर निवेदिका बहुधा भाषणमेजामागे उभी असते, हे धाकटीनेच सुचवले. पण तिथवर चालत जावे लागते, आणि चालताना ते कान सर्वांत आधी डोळ्यात भरले असते.

दुसरा, घेर कमरेतून उसवून लोंबणाऱ्या जागा वर ओढून घेणे. सरळ किंवा कळ्यांच्या स्कर्टला कुशीला किंवा मागे पडलेला झोल असा वरून काढता येतो. पूर्ण वर्तुळात कमरेची शिलाई पाऊण सेंटिमीटर खाली घेतली, तरी कमरेची फेरी पावणेपाच सेंटिमीटर वाढते. म्हणजे एक झोल काढायचा आणि त्या जागी चुण्या घालायच्या. तो पर्याय बाद झाला.

तिसरा, खालचा भाग नवा, अर्ध्या घेराचा बेतणे. उरलेल्या कापडात तो बसत नव्हता.

चौथा, सगळी दुमड उसवून, ड्रेस लटकवून, अंगावर पातळी घेऊन, म्हणजे काठ जमिनीपासून सगळीकडे सारख्या उंचीवर आखून, बारीक दुमड घालणे. हा मान्य झाला. त्यात लांबी जाणार, हे दोघींना आधीच सांगितले. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न निघाला, तो धुण्याचा.

धुवायचे की नाही

ड्रेस कधी तरी धुतला जाणारच होता. न धुता पातळी घेतली आणि पहिल्या धुण्यात कापड आटले, तर काय होईल, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा आम्ही उरलेल्या कापडाचा एक तुकडा घेतला, त्यावर बॉलपेनने बरोबर २० सेंटिमीटरचा चौकोन आखला, तुकडा भिजवून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजला. उभ्या धाग्यावर तो १९.२ भरला आणि आडव्यावर १९.८. म्हणजे उभे कापड चार टक्के आटत होते आणि आडवे जेमतेम एक टक्का.

सरळ बेतलेल्या कपड्यात याचा अर्थ फक्त ‘थोडा आखूड होईल’ एवढाच असतो. वर्तुळात तो अधिक वाईट आहे : कुशींना, जिथे उभा धागा खाली उतरतो, काठ पावणेतीन सेंटिमीटर वर चढेल आणि पुढच्या-मागच्या मध्याला जेमतेम पाऊण. आज कितीही बारकाईने पातळी घेतली तरी पहिल्या धुण्यानंतर काठ पुन्हा वाकडा होणार होता, या वेळी निराळ्या कारणाने आणि निराळ्या जागी.

उलट बाजूही होती. शिवून झालेला ड्रेस भिजवला की वरचा भागही चार टक्के आखडणार, म्हणजे ३८ सेंटिमीटरचा साडेछत्तीस होऊन कमर दीड सेंटिमीटर वर सरकणार. थोरलीचे म्हणणे पडले की समारंभ होऊ द्यावा आणि पुढे ड्रेस फक्त ड्रायक्लीन करावा. धाकटी म्हणाली, “ताई, घरी धुता येत नाही असा ड्रेस मी परत घालणारच नाही.” प्रश्न मिटला. वापर करणाऱ्या व्यक्तीला हे बेतण्यापूर्वीच विचारायला हवे होते.

कमर वर सरकू नये म्हणून तिथले मार्जिन एकाऐवजी अर्ध्या सेंटिमीटरवर आणण्याचा मोह झाला. पण वर्तुळाच्या बाजूने शिलाई अर्धा सेंटिमीटर वर नेली की कमरेची फेरी तीन सेंटिमीटर कमी होते. तो विचार सोडून दिला आणि दीड सेंटिमीटर उंच कमर स्वीकारली.

प्रत्यक्ष कृती

व्हिस्कोस ओले असताना दुबळे असते आणि उघड्या कडा पाण्यात आणखी उसवतात, म्हणून धुण्यापूर्वी आतल्या सगळ्या कडा बंद करणे भाग होते. बाहेरून इंटरलॉक, म्हणजे कड कातरत दोऱ्यांनी गुंफणारी मशीनची शिलाई, करून आणण्याचा विचार थोरलीने सोडला. उरलेले मार्जिन इंटरलॉकच्या कातरीला देण्याइतके नव्हते. घरच्या मशीनवर झिगझॅग मारायचे ठरले. पहिल्या नमुन्यात कड गोळा होऊन तिची सुरळी झाली. दोष टाक्याचा नव्हता, टाका पूर्ण कापडावर पडत होता हा होता. झिगझॅगचा बाहेरचा टाका कापडाच्या कडेपलीकडे किंचित हवेत पडला पाहिजे, म्हणजे दोरा कडेला वळसा घालून बसतो. टाक्याची रुंदी ३, लांबी दीड मिलिमीटर आणि वरच्या दोऱ्याचा ताण एक अंक सैल, एवढ्यावर कड सपाट पडू लागली.

इथेच लक्षात आले की मशीनला अजून १४ नंबरची सुई लावलेली होती, आणि तीही मागच्या जाड कापडापासून तशीच. बोथट सुई पातळ कापडाचा धागा छेदण्याऐवजी ओढते, आणि टिपेच्या बाजूला बारीक ओढ दिसते. ११ नंबरची नवी सुई बसवली, टाका २.२ मिलिमीटरवर आणला आणि कुशीवरची जी ओढ कापडाचा दोष समजली जात होती, ती नव्या टिपेत दिसेनाशी झाली.

खालची दुमड उसवायला एक संध्याकाळ गेली. पाच मीटर टीप टाका-टाका उसवत बसण्यापेक्षा एका बाजूने दर पाचवा टाका कापत जायचे आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढायचा. तो हातभर लांब सरळ निघतो. थोरली आधी कापड ताणून दोन पदर फाकवत होती. उरेब जागी असे केले की काठ आणखी लांबतो, म्हणून तिला थांबवले. उसवलेल्या कच्च्या काठावर, कडेपासून ४ मिलिमीटरवर, एक टीप मारून घेतली, केवळ धुण्यात धागे सुटू नयेत म्हणून. मग ड्रेस थंड पाण्यात हाताने धुतला, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि सपाट वाळवला.

लटकवण्याची पद्धत या वेळी बदलली. गळा आधीच सैल पडलेला असल्यामुळे वरचा भाग आत उलटवून कमरेवर चिमटे लावले, प्रत्येक चिमट्याखाली कापडाची चिंधी ठेवली आणि ड्रेस मोकळ्या हवेत असा टांगला की काठ कुठेही टेकणार नाही. किती वेळ, याचे उत्तर पुस्तकात २४ तास असते, पण विणीच्या सैलपणाप्रमाणे ते बदलते. मी सांगते ती कसोटी अशी : चारही उरेब जागी कमरेपासून काठापर्यंत रोज मोजावे आणि लागोपाठ दोन दिवस तोच आकडा आला की थांबावे. इथे आकडा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सारखा आला. समारंभाला दोन दिवस उरले होते.

त्या मधल्या काळात गळ्याचे काम झाले. आतली पट्टी पुढून उसवली, गोलाईवर लांब टाक्यांची टीप मारून तिचा दोरा हलकेच ओढला आणि जादा कापड वाफेखाली आखडून घेतले. मग ते पुन्हा ताणू नये म्हणून त्या शिलाईत एक न ताणणारी पट्टी अडकवली. ती विकत आणलेली नव्हती. धुतलेल्या कापडाच्या काठाची ६ मिलिमीटर रुंद चिंधी होती. कापडाचा काठ उभ्या धाग्यात घट्ट विणलेला असतो, पातळ असतो आणि रंगही तोच असतो. शेवटी मार्जिनला कट देऊन, ते पट्टीकडे वळवून, पट्टीवर आतून दाबटीप मारली आणि पट्टी बाहेर डोकावायची थांबली.

पातळी घेताना धाकटी समारंभात घालायच्या चपला घालून उभी राहिली, आतले कपडेही तेच. थोरलीने पुठ्ठ्याच्या खोक्याला उभी पट्टी चिकटवून जमिनीवर सरकणारे एक साधन केले होते. सर्वांत आखूड जागा शोधली; ती अर्थातच त्या रात्री कापलेली पुढची डावी बाजू. तिथे दुमडीसाठी १.२ सेंटिमीटर राखून जी उंची आली, ती पट्टीवर पक्की केली आणि मग खोके ड्रेसभोवती फिरवत दर आठ सेंटिमीटरवर खडूची खूण केली. साठेक खुणा झाल्या. धाकटी प्रत्येक वेळी खाली वाकून बघत होती आणि ती वाकली की पुढचा काठ टेकायचा; शेवटी तिला समोरच्या भिंतीवरचे घड्याळ बघत राहायला सांगितले. खुणा जोडल्यावर रेषा वर्तुळासारखी दिसत नव्हती, आणि तेच बरोबर होते. टेबलावर ती देखणी करण्याच्या फंदात पडू नये.

नव्या दुमडीसाठी ६ आणि ६ मिलिमीटरचे दोन पदर ठरले. इतक्या बारीक दुमडीत तफावत पाच मीटरमागे साडेसात सेंटिमीटर, म्हणजे मीटरमागे दीड उरते आणि ती इस्त्रीने जिरते. कडेपासून ६ मिलिमीटरवर आधी एक टीप, त्या टिपेवर कापड वळवून इस्त्री, मग दुसरा पदर आणि शेवटची टीप. चार उरेब जागी कापड मशीनच्या पायाखाली ताणले जाऊ नये म्हणून खाली पातळ कागदाच्या पट्ट्या ठेवल्या आणि टीप झाल्यावर फाडून काढल्या. हाताने तुरपाई अधिक नाजूक दिसली असती, पण पाच मीटर तुरपाईला लागणारा वेळ उरला नव्हता.

परिणाम

ड्रेस आदल्या रात्री पूर्ण झाला. काठ सगळीकडून समान होता, लाट गेली होती, गळा अंगालगत बसत होता. लांबी ठरलेल्या ६८ ऐवजी साडेपासष्ट सेंटिमीटर भरली. त्यातला एक सेंटिमीटर आटण्याच्या खात्यावर जातो आणि दीड त्या रात्रीच्या कातरीच्या. धाकटीला लांबी खटकली नाही. उंच झालेली कमर मात्र तिने पहिल्याच वेळी ओळखली. थोरलीने वेळेची नोंद ठेवली होती : एकूण १९ तास, त्यांपैकी ११ दुरुस्तीचे.

काय वेगळे करता आले असते

कापड आधी धुवायला हवे होते, यात दुमत नाही. वीस सेंटिमीटरच्या चौकोनाची कसोटी कापड विकत आणल्या दिवशीच केली असती, तर धुण्याचा कंटाळाही गेला असता, कारण चार टक्के हा आकडा डोळ्यांसमोर असताना कापडाला कातरी लावण्याचे धाडस होत नाही.

पूर्ण घेर निवडण्याबद्दल मी स्वतः साशंक आहे. अर्ध्या घेराच्या ड्रेसमध्ये कमरेची त्रिज्या सुमारे २२.३ आणि खालचा काठ २८४ सेंटिमीटर आला असता. दुमडीतली तफावतही निम्मी, आणि कापड वाचले असते ते वेगळेच. उरेब तिथेही टळत नाही, पण काम आटोक्यात राहते. धाकटीला गिरकी घेतल्यावर फुलणारा घेर हवा होता, म्हणून थोरलीने पूर्ण घेर धरला. ते कारण मला पटते, फक्त तो पहिल्या उरेब कामासाठी आणि बारा दिवसांच्या मुदतीसाठी अवघड बेत होता.

लटकवण्याचे दोन दिवस शेवटी न ठेवता मध्ये ठेवता आले असते. कमर जोडताच ड्रेस टांगावा आणि त्या काळात गळा, मुंढे, चेन ही कामे करावीत, असे मी आता शिकवते. वरचा भाग आत उलटवून टांगलेल्या ड्रेसवर यांतली बरीच कामे होत नाहीत, म्हणून कधी कधी नुसता घेरच एका जादा पट्टीवर कच्च्या टाक्याने लावून आधी टांगते.

माझ्याबाबत सांगायचे तर, दुमड किती ठेवू असे कुणी विचारले की आता मी आधी घेर विचारते, मग कापड, आणि लांबी शेवटी.

तीन धुण्यांनंतर दोघींनी चपला आणि खोके काढून पुन्हा मोजले. पुढे उजवीकडे एका जागी काठ अर्धा सेंटिमीटर खाली आला आहे. ती दुमड उसवली तर नवी पातळी घ्यावी लागेल, आणि पातळी घेतली तर पाचही मीटर पुन्हा शिवावे लागतील. थोरलीने खडूची खूण केली, थोडा वेळ ती बघत राहिली आणि ब्रशने पुसून टाकली.